वाक्य, विनवणी आणि निवाडा

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रत्नागिरीकडच्या एका ओळखीच्या घरातला मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी होता. ते जहाज दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात अडकले, मालात आक्षेपार्ह काहीतरी सापडले आणि आणखी काही जणांबरोबर हा मुलगाही तिथल्या तुरुंगात गेला. वर्षभर खटला चालला. मग एका संध्याकाळी वडिलांच्या मोबाइलवर एका स्पॅनिश कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो आला. सोबत मध्यस्थाची इंग्रजीत एकच ओळ होती, तिचा मतलब एवढाच, की सेंटेन्स जोडले आहे. मला स्पॅनिश येते हे त्या घराला ठाऊक होते. 'येते' हा शब्द जरा सैलच म्हणायचा. मी ती भाषा कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. रद्दीत मिळालेले एक व्याकरण, एक जाडजूड शब्दकोश आणि बरीच वर्षे टिकलेला हट्ट, एवढेच माझे भांडवल.

"वाचून सांगा हो, काय लिहिलंय ते," वडील फोनवर म्हणाले.

पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत शब्द होता : 'सेन्तेन्सिया'. खाली क्रमांक, तारीख, आरोपींची नावे. मी म्हणालो, "शिक्षा झालेली दिसते. किती, ते पुढच्या पानांवर असेल." पलीकडून काहीच आवाज आला नाही. त्या रात्री त्या घरात चूल पेटली नाही, असे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली पाने आली. शेवटच्या पानावर त्या मुलाचे नाव होते आणि त्याच्या आधीचे क्रियापद होते 'निर्दोष सोडणे'. कागदाच्या डोक्यावरचा शब्द बरोबर होता, मध्यस्थाने पाठवलेला इंग्रजी शब्दही कोशात सापडतो तोच होता. चूक माझ्या मराठी शब्दात होती. त्या चुकीचा पाठपुरावा करता करता जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

१

इंग्रजीतला 'सेंटेन्स' हा शब्द आपण दोन ठिकाणी शिकतो. पहिल्यांदा शाळेत, तेव्हा त्याचा अर्थ वाक्य. नंतर वर्तमानपत्रात, तेव्हा त्याचा अर्थ शिक्षा. दोन्हींचे मूळ एकच. लॅटिन 'सेन्तेन्तिया' म्हणजे मत, विचार. तो आला 'सेन्तिरे' या धातूपासून, ज्याचा अर्थ जाणवणे, वाटणे. न्यायाधीशाला जे वाटले ते त्याचे मत, म्हणून निर्णय. बोलणाऱ्याचा एक पुरा विचार म्हणजे वाक्य. इंग्रजीने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पदरात टाकले.

स्पॅनिशने ते वेगळे ठेवले. तिथे 'सेन्तेन्सिया' म्हणजे न्यायालयाचा निर्णय, आणि जुन्या साहित्यात सुभाषितवजा वचनसुद्धा. व्याकरणातल्या वाक्याशी आजच्या रोजच्या भाषेत त्याचा संबंध नाही. वाक्याला स्पॅनिशमध्ये 'ओरासिओन' म्हणतात. हा शब्द आला लॅटिन 'ओरारे' पासून. त्याचे अर्थ बोलणे, बाजू मांडणे, विनवणे, आणि ख्रिस्ती परंपरेत प्रार्थना करणे. आंतोनिओ दे नेब्रिखाने १४९२ मध्ये कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात शब्दांच्या जाती सांगताना त्याने 'ओरासिओन'चे दहा भाग मोजले. तेव्हापासून आजपर्यंत स्पॅनिश बोलणारे मूल शाळेत ज्या शब्दाखाली कर्ता-कर्म-क्रियापद शोधते, त्याच शब्दाने त्याची आजी चर्चमधली प्रार्थना ओळखते.

साहजिकच स्पॅनिशभाषक इंग्रजी शिकू लागला की इथे अडखळतो. बाईंनी पाच 'सेंटेन्स' लिहायला सांगितल्या, यातले गांभीर्य त्याला भलतेच वाटू शकते. उलट बाजूने येणारा माणूस अडखळतो तेव्हा मात्र ते विनोदावर भागत नाही. कारण इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'सेंटेन्स' हा दोष सिद्ध झाल्यानंतरचाच टप्पा आहे. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे वेगळे म्हणणे ऐकण्याची तरतूद केली. त्यामुळे हा शब्द कानावर पडला की आपल्या मनात दोषाचा प्रश्न आधीच मिटलेला असतो. स्पॅनिश 'सेन्तेन्सिया'त तो मिटलेला नसतो. ती दोन प्रकारची असते : दोषी ठरवणारी आणि निर्दोष सोडणारी. दोषी ठरवण्याला 'कोन्देना' हा वेगळा शब्द आहे आणि भोगायच्या शिक्षेला 'पेना'. गंमत अशी, की 'पेना'चा रोजच्या बोलण्यातला दुसरा अर्थ दुःख असा आहे.

म्हणजे ज्या पानावर फक्त 'सेन्तेन्सिया' लिहिले होते, त्यावर शिक्षा लिहिलेली नव्हती. निर्णय झाला आहे, इतकेच तिथे लिहिले होते. शिक्षा मी घातली.

२

पण माझी चूक केवळ शब्दकोशाची नव्हती, वाचण्याच्या रीतीचीही होती. ती कळायला स्पॅनिश निर्णयपत्राची बांधणी पाहावी लागते.

जुन्या स्पॅनिश निर्णयपत्रांत परिच्छेदांची सुरुवात ठरलेली असे. वस्तुस्थिती सांगणारा प्रत्येक परिच्छेद 'रेसुल्तान्दो' या शब्दाने सुरू होई, म्हणजे 'असे निष्पन्न होत असता'. कायद्याचा ऊहापोह करणारा प्रत्येक परिच्छेद 'कोन्सिदेरान्दो'ने, म्हणजे 'असे विचारात घेत असता'. दोन्ही रूपे अपूर्ण क्रियेची. ती वाक्य संपवत नाहीत, पुढे ढकलतात. अशी पानेच्या पाने गेल्यावर अखेरीस मुख्य क्रियापद येई : 'फाय्यामोस', आम्ही निर्णय देतो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर तो सगळा दस्तऐवज एकच वाक्य असे. स्पेनमध्ये १९८५ च्या न्यायव्यवस्थेच्या मूलभूत कायद्याने ही रीत बाजूला सारली आणि तिच्या जागी क्रमांक दिलेले परिच्छेद आणले : आधी वस्तुस्थिती, मग कायद्याचे आधार, शेवटी 'फाय्यो'. लॅटिन अमेरिकेतल्या कित्येक न्यायालयांत जुनी रीत अजून दिसते. मला आलेला कागद त्याच घाटाचा होता.

या 'फाय्यो' शब्दालाही दोन अर्थ आहेत. एक, निर्णय. दुसरा, बिघाड किंवा चूक. यंत्र बंद पडले तरी 'फाय्यो' आणि न्यायाधीशाने निकाल दिला तरी 'फाय्यो'. स्पॅनिश वकिलांच्या गप्पांत यावर विनोद होत असणार हे सांगायला नको. वास्तविक हे दोन शब्द मुळात निराळे. चूक या अर्थाचा शब्द फसण्या-चुकण्याच्या कुळातला. निर्णय या अर्थाचा शब्द आजच्या 'आय्यार', म्हणजे सापडणे, या क्रियापदाचा सख्खा भाऊ. न्यायाधीशाला 'असे आढळले', म्हणून निर्णय. आपणही 'दोषी आढळला' म्हणतोच की.

आता आपल्या घरचे पाहू. मीमांसकांनी वाक्य कशाला म्हणावे याचा विचार फार पूर्वी केला. त्यांच्या मते ज्या पदसमूहाचे प्रयोजन एक, आणि ज्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दुसऱ्यासाठी खोळंबून राहतो, ते एक वाक्य. यालाच ते एकवाक्यता म्हणतात. धर्मशास्त्राच्या टीकाकारांनी कायद्याची वचने लावताना याच नियमांचा आधार घेतला. 'एकवाक्यता' हा शब्द आज मराठीत मतैक्याच्या अर्थाने वापरला जातो, त्याचे मूळ घर हे आहे. 'रेसुल्तान्दो' आणि 'कोन्सिदेरान्दो' यांचा तो लांबलचक निर्णय मीमांसकाला दाखवला असता, तर त्याने एकवाक्यतेचा उत्तम नमुना म्हणून मान डोलावली असती. आणि पहिलेच पान पाहून अर्थ सांगणाऱ्याला त्याने पाठशाळेबाहेर काढले असते.

मराठी माणसाला तर याबाबत सबबच नाही. आपले क्रियापद शेवटी येते. 'त्याने गुन्हा केल्याचे पुराव्यावरून सिद्ध होत' इथवर वाचून कोणी थांबत नाही, कारण पुढे 'आहे' येणार की 'नाही', यावर सगळे अवलंबून असते. ही सवय जन्मापासून अंगात मुरलेली असताना मी परक्या भाषेतले वाक्य क्रियापदाआधीच मोडले.

३

यानंतर मी 'दोन किखोते' पुन्हा वाचायला घेतले. आपल्याकडे ज्याला बहुतेक जण 'डॉन क्विक्झोट' म्हणतात तेच हे पुस्तक. मिगेल दे सेर्वान्तेसने त्याचा पहिला भाग १६०५ मध्ये आणि दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या वाचनात मी पवनचक्क्यांवरच खूश होतो. या खेपेला ओरासिओन आणि सेन्तेन्सिया, म्हणजे माणसाचे बोलणे आणि न्यायाचा कागद, यांच्यातली ओढाताण जागोजाग दिसू लागली. सेर्वान्तेसला ती पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. १५७५ ते १५८० तो अल्जीर्समध्ये बंदी होता आणि १५९७ मध्ये सेव्हियाच्या तुरुंगात.

पहिल्या भागाच्या बाविसाव्या प्रकरणात साखळीने बांधलेले कैदी रस्त्याने चालले आहेत. राजाच्या गलबतांवर वल्ही मारण्याची त्यांना शिक्षा झाली आहे. किखोते रखवालदारांना विचारतो, यांचा गुन्हा काय? रखवालदार सांगतो, की प्रत्येकाच्या सेन्तेन्सियाचा दाखला आमच्याजवळ आहे, पण तो काढून वाचत बसायला ही वेळ नव्हे. तुम्ही त्यांनाच विचारा. सहज निसटून जावे असे हे वाक्य आहे, पण पुढचे सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. कागद पिशवीतच राहतात आणि माणसे बोलू लागतात.

एक जण म्हणतो, मी प्रेमापायी चाललो आहे. चौकशीअंती कळते, की प्रेम धुतलेल्या कपड्यांनी भरलेल्या टोपलीवर होते. दुसरा 'गायला' म्हणून चालला आहे. चोरांच्या बोलीत गाणे म्हणजे छळ झाल्यावर कबुली देणे. बाकीचे कैदी त्याला तुच्छ लेखतात, कारण त्यांच्या हिशेबी 'नाही'त जितकी अक्षरे तितकीच 'हो'त. मग 'नाही' म्हणायला त्याचे काय जात होते? स्पॅनिशमध्ये दोन्ही शब्द खरोखरच दोन-दोन अक्षरांचे आहेत. तिसरा सांगतो, की दहा दुकाट नव्हते म्हणून पाच वर्षांची शिक्षा झाली. वेळेवर असते तर कारकुनाच्या लेखणीला तेल लावता आले असते. शेवटचा खिनेस दे पासामोन्ते स्वतःचे चरित्र लिहितो आहे. ते पुरे झाले का, असे विचारल्यावर तो उलट विचारतो, की माझे आयुष्यच संपलेले नसताना ते पुरे कसे होईल?

पहिल्याच्या तोंडी गुन्ह्याचे प्रेम होते, दुसऱ्याचे भवितव्य एका होकाराने ठरते, तिसऱ्याचे लेखणीच्या टोकावर आणि चौथा आपले शेवटचे क्रियापद दुसऱ्या कोणाला लिहू देत नाही. या प्रकरणाकडे सहसा स्वातंत्र्य आणि वेडेपणा यांच्या अंगाने पाहिले जाते. मला ते आधी वाचनाचे प्रकरण वाटते. किखोतेने कागद वाचले नाहीत, फक्त माणसे ऐकली. ऐकून त्याने सर्वांना सोडवले आणि सुटलेल्यांनी त्याच्यावर दगडांचा वर्षाव केला. सेर्वान्तेस इथे भाबडा नाही. बोलणाऱ्याचे ऐकले म्हणजे न्याय झाला, असे तो म्हणत नाही. पण न वाचलेल्या कागदाच्या जोरावर माणसे बांधून नेता येतात, हेही तो लपवत नाही.

४

दुसऱ्या भागात सांचो पान्साला थट्टेने का होईना 'बाराटारिया' बेटाचे राज्यपद मिळते आणि तो न्यायनिवाडे करू लागतो. पंचेचाळिसाव्या प्रकरणात दोन म्हातारे त्याच्यापुढे येतात. एकाने दुसऱ्याला सोन्याची दहा नाणी उसनी दिली होती. दुसरा म्हणतो, मी ती परत केली. शपथ घेताना अडचण नको म्हणून तो हातातली काठी क्षणभर सावकाराकडे देतो, न्यायदंडावर हात ठेवून नाणी परत दिल्याची शपथ घेतो, काठी परत घेतो आणि निघतो. सावकारही म्हणतो, इतका देवभीरू माणूस खोटे कसे बोलेल, माझ्याच ध्यानात राहिले नसेल. सांचो मान खाली घालून, नाकावर बोट टेकवून विचार करतो, म्हाताऱ्याला परत बोलावतो, काठी सावकाराला देतो आणि ती फोडायला सांगतो. आतून दहा नाणी निघतात.

ही कथा सेर्वान्तेसची स्वतःची नव्हे. तेराव्या शतकातल्या 'सुवर्णकथा' या संतचरित्रांच्या संग्रहात संत निकोलसच्या नावावर ती आहे, आणि सांचोसुद्धा आपण असा किस्सा गावच्या पाद्र्याकडून ऐकल्याचे कबूल करतो. पण आपल्या विषयासाठी ती अगदी नेमकी आहे. म्हाताऱ्याचे वाक्य खोटे नव्हते. तो बोलला त्या क्षणी नाणी खरोखरच सावकाराच्या हातात होती. कर्ता बरोबर, कर्म बरोबर, क्रियापद बरोबर. खोटा होता तो हेतू. सांचोला लिहिता-वाचता येत नाही, तरी तो वाक्याबाहेरची काठी वाचतो.

एक्कावन्नाव्या प्रकरणातला खटला याहून अवघड आहे. एका नदीवर पूल आहे आणि पुलाच्या टोकाला फाशीचा खांब. पूल ओलांडणाऱ्याने आपण कुठे आणि कशासाठी चाललो, हे शपथेवर सांगायचे. खरे सांगितले तर जाऊ द्यायचे, खोटे सांगितले तर फाशी. चार न्यायाधीश तिथे बसलेले असतात. एक माणूस येतो आणि शपथेवर सांगतो : मी त्या खांबावर मरायला चाललो आहे. त्याला सोडले तर त्याचे बोलणे खोटे ठरते, म्हणजे फाशी द्यायला हवी. फाशी दिली तर बोलणे खरे ठरते, म्हणजे सोडायला हवे. तर्कशास्त्राच्या अभ्यासकांना हा पेच चांगला परिचित आहे.

सांचो आधी म्हणतो, की खरे बोललेला अर्धा माणूस सोडा आणि खोटे बोललेला अर्धा फाशी द्या. लगेच कोणीतरी दाखवून देते, की तसे केले तर माणूस मरेलच आणि कायद्याचे एकही कलम पाळले जाणार नाही. तेव्हा तो ठरवतो : सोडण्याची आणि मारण्याची कारणे तराजूत सारखी भरत असतील तर त्याला जाऊ द्या, कारण वाईट करण्यापेक्षा चांगले करण्याचीच नेहमी वाहवा होते. आणि तो सांगतो, की हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. राज्यावर येण्याच्या आदल्या रात्री धन्याने जे उपदेश केले त्यांतला एक आठवला : न्याय संशयात पडला तर दयेकडे झुकावे.

इथे 'सेन्तेन्सिया' या शब्दाचे दोन्ही जुने अर्थ एकमेकांना भेटतात, असे मला वाटते. एक सुभाषितासारखे वचन, तेच निर्णय होते. मूळ मजकुरात या उपदेशासाठी 'प्रेसेप्तो' असा निराळा शब्द आहे, हे सांगायलाच हवे. नाहीतर मी माझ्या सोयीसाठी सेर्वान्तेसच्या तोंडी शब्द घालतो आहे असे होईल. पण घटना तीच राहते. सबंध पुस्तकभर सांचो एकामागून एक म्हणी फेकतो म्हणून किखोते वैतागतो. आणि ज्या एका क्षणी माणसाचा जीव एका वाक्यात अडकतो, तेव्हा कायद्याला नव्हे, आठवणीत राहिलेल्या एका वचनाला तो सोडवता येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुलावरच्या माणसाने कोणाची याचना केलेली नाही. त्याने फक्त एक विधान केले. पण ते विधान असे होते, की कायद्याला पुढे बोलताच येईना. ओरासिओनच्या दोन अर्थांमधले, वाक्य आणि विनवणी यांच्यातले अंतर इथे जवळजवळ मिटते.

५

होर्खे लुईस बोर्हेसची 'गुप्त चमत्कार' ही कथा १९४३ ची. पुढच्या वर्षी ती 'फिक्सिओनेस' या संग्रहात आली. १९३९ च्या मार्चमध्ये जर्मन रणगाडे प्रागमध्ये शिरतात. यारोमिर ह्लादीक या ज्यू लेखकाला पकडतात आणि २९ मार्चला सकाळी नऊ वाजता गोळी घालायचे ठरते. त्याचे 'शत्रू' नावाचे काव्यनाट्य अपुरे आहे. शेवटच्या रात्री तो देवाकडे एक वर्ष मागतो. दुसऱ्या दिवशी गोळ्या झाडण्याचा हुकूम होतो आणि जग थबकते. ह्लादीक जागच्या जागी उभा राहून मनातल्या मनात वर्षभर नाटक पुरे करतो. शेवटी एकच विशेषण उरते. ते सापडते आणि गोळ्या त्याला लागतात. घड्याळात नऊ वाजून दोन मिनिटे झालेली असतात.

या कथेवर लिहिणाऱ्यांचा सगळा भर काळाच्या कोड्यावर असतो. मला तिची रचना आपल्या दोन शब्दांवर उभी दिसते. एका बाजूला मृत्युदंडाचा निर्णय, दुसऱ्या बाजूला ओरासिओन, तीही दोन्ही अर्थांनी : आधी देवाजवळची विनवणी, मग पुरे करायचे वाक्य. याला आधार देणारा एक तपशील वाचताना हातून निसटतो. ह्लादीकने भाषांतर केलेल्या एका ग्रंथाच्या प्रकाशकाने आपल्या सूचिपत्रात जाहिरातीसाठी त्याचे नाव फुगवून छापले होते. त्या सूचिपत्रातली दोन-तीन विशेषणे चाळून युलिउस रोथे नावाचा अधिकारी ठरवतो, की हा फार मोठा माणूस असावा, आणि त्याला मारायचे नक्की होते. वर्षभराच्या उसन्या आयुष्याचा शेवटही विशेषणच करते. म्हणजे कोणा दुसऱ्याने घाईत वाचलेल्या विशेषणांनी तो मरणाकडे ढकलला गेला आणि स्वतः वर्षभर शोधलेल्या विशेषणापाशी मेला. त्याचा जीव वाचला नाही. मात्र त्याचे शेवटचे वाक्य रोथेचे राहिले नाही, त्याचे स्वतःचे झाले.

६

आता एका धोक्याची नोंद केली पाहिजे. शब्दांच्या कुळकथा गोड असतात आणि त्यांच्यावरून समाजाचे मन वाचण्याचा मोह होतो. स्पॅनिशने वाक्याला प्रार्थनेचा शब्द दिला म्हणून स्पॅनिश न्यायालये अधिक दयाळू झाली, असे काही नाही. उलट साक्ष आपल्या शेजारीच आहे. पोर्तुगीजमध्ये हेच दोन शब्द 'सेन्तेन्सा' आणि 'ओरासांव' असे आहेत. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले, आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. तिथे आरोपींना मिरवत नेऊन जमावापुढे सेन्तेन्सा मोठ्याने वाचून दाखवत. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने १६७६ मध्ये स्वतः ते भोगले. त्याच्या वाट्याला पोर्तुगालच्या गलबतांवरची पाच वर्षे आली, आणि १६८७ मध्ये त्याने ते सर्व लिहून प्रसिद्ध केले. अशा निर्णयांत प्रायश्चित्त म्हणून ठरावीक प्रार्थना म्हणण्याचीही सक्ती असे. म्हणजे ओरासांव हाच सेन्तेन्साचा एक भाग होई. विनवणीसुद्धा हुकमाने करायची. शब्द कितीही उदार असला, तरी तो वापरणाऱ्याचा हात धरत नाही.

आपल्याकडेही व्याकरण आणि शिक्षा यांचे धागे गुंतलेले आहेतच. वेदांगांतली 'शिक्षा' म्हणजे उच्चारांचे शास्त्र, हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत मात्र ती थेट तुरुंगात जाते. पोथीतले वाक्य संपवणाऱ्या उभ्या रेघेला दंड म्हणतात आणि न्यायालयात भरायच्या पैशालाही दंडच. यावरून मराठी माणसाला भाषा शिकणे हा छळ वाटतो असा निष्कर्ष कोणी काढू नये, जरी शाळेत तसे वाटत असले तरी.

तेव्हा माझा दावा लहान आहे. शब्द समाज घडवत नसेल, पण वाचणाऱ्याला कुठे थांबायचे ते सुचवतो. 'शिक्षा' हा शब्द मला पहिल्याच पानावर थांबवून गेला, कारण त्यात सुटकेला जागाच नाही. स्पॅनिश साहित्य आपल्याकडे बरेचसे इंग्रजीतून येते. वाटेत 'सेन्तेन्सिया'चे 'सेंटेन्स' होते आणि मराठीत पोहोचेपर्यंत 'शिक्षा'. मूळ वाचकाला अखेरच्या ओळीपर्यंत जो संशय असतो, तो मराठी वाचकाच्या हाती लागण्याआधीच वाटेत गळालेला असतो. ज्या कथेत माणूस सुटणार की अडकणार यावर सारा जीव आहे, तिचे यात किती नुकसान होत असेल याची कल्पना करावी.

मला विचाराल तर आपल्याजवळ चांगला शब्द आहे, तो म्हणजे निवाडा. निवडणे या क्रियेतून आलेला. तांदूळ निवडताना सुपात तांदूळही असतात आणि खडेही, आणि काय राहील, काय जाईल, हे निवडून झाल्यावरच कळते. मराठेशाहीतल्या दप्तरांत निवाडपत्रे सापडतात. ज्याच्या बाजूने निर्णय लागे त्याच्या हातीही ती पडत. या शब्दात दोष आधीच ठरलेला नाही. सांचोच्या काठीच्या खटल्याला आणि पुलाच्या पेचालाही तो जसाच्या तसा बसतो.

त्या संध्याकाळी मी फोनवर "निवाडा झालाय, काय ते शेवटच्या पानावर असेल," एवढेच म्हणालो असतो, तर ती रात्र तशीही काळजीचीच गेली असती. पण ती वाट पाहण्याची रात्र झाली असती, शोकाची नव्हे. मुलगा घरी परतला तेव्हा त्याच्या आईने पेढे दिले. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "अहो, तुम्ही वाचलंत ना, तेच खूप झालं." वाचले नव्हते, तेच तर माझे चुकले होते. हे मी तिला सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहून ठेवले.